पांढऱ्या गोळीचा कागद

३ जानेवारी

चिमे,

फोन तू घेत नाहीस, म्हणून पत्र. पत्र फाडायला तरी हातात घ्यावं लागतं, आणि हातात घेतलं की एखादी ओळ डोळ्यांखालून जातेच.

काल जावईबापूंचा फोन आला होता. तुझ्या नकळत ते मला महिन्यातून एकदा फोन करतात. त्यांच्यावर रागावू नकोस, माझ्यात नि तुझ्यात तो एवढा एकच पूल उरलाय आणि ते तर पूल बांधणारेच आहेत. म्हणाले, "आई, सहावा आठवडा आहे." पण गोड बातमी सांगणाऱ्याचा तो आवाज नव्हता. मी विचारलं, "मग बिनसलं कुठे?" तर म्हणाले, "तिने पांढरी गोळी बंद केलीय. डॉक्टरीणबाई सांगून थकल्या. म्हणते, मागच्या वेळी इमानाने खाल्ली, काय झालं ते बघितलंत ना?"

चिमे, गोळी चालू कर. एवढंच सांगायला हे पत्र आहे.

तू म्हणशील, हे कोण सांगतंय बघा. मागच्या वेळी पहिल्या दिवसापासून गोळ्यांच्या नावाने बोटं मोडत होते ती मीच. खरं आहे. पण आता त्या गोळीचा नवा कागद आलाय. आमच्याच छापखान्यात छापला, मी स्वतः वाचलाय. गरोदरपणात ही गोळी आपल्या मनाने थांबवू नये, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. तुझा आजार काय आहे तेही मी आता पुस्तकांतून वाचलंय. तेव्हा मी त्याला नुसतं सांध्यांचं दुखणं म्हणायचे. ल्युपस. घराची राखण करायला ठेवलेल्या माणसांनी घरातल्यांवरच काठ्या उगाराव्यात, तसं शरीर करतं. ती पांढरी गोळी त्या राखणदारांना आवरून धरते. तू ती सोडलीस तर त्यांना रान मोकळं आहे.

तीन वर्षांपूर्वी दवाखान्याच्या व्हरांड्यात मी जे बोलले, त्यासाठी तू माझं तोंड बघत नाहीस. ते तुझं बरोबरच आहे. दुःखात माणूस काहीबाही बोलून जातं. मागच्या वेळचं मागच्या वेळी. त्यात मला आता शिरायचं नाही.

जेवत जा. पायऱ्या सावकाश उतर.

आई


१९ जानेवारी

चिमे,

उत्तर नाही. येईल असं वाटलंही नव्हतं.

जावईबापूंना मीच फोन केला. त्यांनी तुला माझं पत्र वाचायला लावलं म्हणे, आणि तू म्हणालीस, "आईचा कागद दर तीन वर्षांनी बदलतो का? मागच्या वेळी एकही गोळी चुकवली नव्हती मी. एकही. तरी मूत्रपिंडापर्यंत गेलंच ना? तरी बाळ गेलंच ना? मग ती गोळी कशासाठी खायची?" डॉक्टरीणबाईंनाही आता वाटायला लागलंय की ही गोळी तुला लागूच पडत नाही. यापेक्षा जहाल काहीतरी द्यावं लागेल म्हणतात, आणि ते बाळाला कितपत चालेल याचा विचार करताहेत. हे ऐकल्यापासून मी दोन वेळा भात करपवला.

तुला वाटतं, कागद बदलला म्हणून मी बदलले. तसं नाही. कागदाचं आणि माझं नातं तुला पूर्ण माहीत नाही. तू शाळेत होतीस, तुझ्यासमोर मी ते कधी काढलं नाही.

औषधाच्या खोक्यात घडी केलेला पातळ कागद असतो ना, कुणी वाचत नाही तो, त्याला मी घड्या घालायचे हे तू लहानपणापासून बघितलंयस. आठ घड्या. मशीनवर तो कागद फाटतो म्हणून हाताने. बाबा गेले तेव्हा मला छापखान्याच्या त्या घडी घरात कामाला येऊन नऊ वर्षं झाली होती आणि माझं नाव सोडून मला काही वाचता येत नव्हतं. घडी घालायला वाचावं कशाला लागतं? अक्षरं म्हणजे माझ्या लेखी मुंग्या.

बाबा पाठदुखीसाठी दुकानातून गोळ्या आणून खायचे. सहा वर्षं. चहासारख्या. मग एका सकाळी रक्ताची उलटी झाली, पोटातल्या पोटात जखम फुटली होती, आणि संध्याकाळपर्यंत सगळं संपलं. डॉक्टर म्हणाले, "एवढी वर्षं या गोळ्या, त्याही उपाशीपोटी? कागदावर लिहिलेलं असतं हो." मी विचारलं, कुठला कागद? त्यांनी खोक्यातून काढून दाखवला. चिमे, त्या कागदाची घडी माझी होती. मी डाव्या बाजूची शेवटची घडी जरा आत घेते, ती तशीच होती. माझ्या हातातून तो कागद हजारो वेळा गेला आणि माझा नवरा ज्याने मेला ते त्यावर लिहिलेलं होतं.

दिवसकार्य आटोपल्यावर कामावर गेले, ते मास्तरांसमोर जाऊन उभी राहिले. मास्तर म्हणजे छापलेला मजकूर तपासणारे आमचे म्हातारबुवा. म्हटलं, मला हे वाचायचंय. ते म्हणाले, "बाई, माझ्याकडे शिकवायला वेळ नाही. रद्दी घेऊन जा, अडलात तर विचारा." तशी शिकले. पहिला शब्द मी कुठला वाचला असेल? 'दुष्परिणाम'. 'कमळ' आणि 'बदक' मला पुष्कळ नंतर भेटले.

तेव्हापासून छापलेला कागद मला देवाच्या जागी झाला. माणसं बोलून विसरतात, कागद विसरत नाही, असं वाटायचं. आता जे वाटतं ते वेगळं आहे, पण ते पुढच्या पत्रात लिहिते.

एक मात्र आजच लिहून ठेवते. तू म्हणतेस, मागच्या वेळी एकही गोळी चुकवली नाहीस. खरं आहे. तू चुकवली नाहीस. हे माझ्याइतकं दुसऱ्या कुणालाही माहीत नाही.

आई


२० जानेवारी

चिमे,

कालचं पत्र पेटीत टाकून घरी आले आणि स्वतःचीच लाज वाटली. पुढच्या पत्रात म्हणे! इकडे तुझे दिवस जाताहेत आणि मी हप्त्याहप्त्याने खरं बोलणार!

आज सकाळी आठ वाजता जावईबापूंना फोन करून जे औषधापुरतं आहे ते सांगून टाकलं. म्हटलं, आत्ताच्या आत्ता डॉक्टरीणबाईंच्या कानावर घाला. ते म्हणाले, "डॉक्टरीणबाईंना मी सांगतो. पण हिला तुम्ही स्वतः लिहा. मी हे माझ्या तोंडाने तिला सांगणार नाही."

तेव्हा लिहिते.

मागच्या वेळी तू पांढरी गोळी खाल्लीच नाहीस. तू खात होतीस ती जीवनसत्त्वाची गोळी होती. मी बदलली होती.

जावईबापू बाहेरगावी पुलाच्या कामावर गेले आणि तू आठव्या आठवड्यात माझ्याकडे राहायला आलीस. सकाळी तुझी बोटं आखडलेली असायची, पाकिटातून गोळी दाबून काढता यायची नाही. तू म्हणालीस, "आई, आठवड्याची डबी तू भरशील का गं?" सात कप्प्यांची निळी डबी. मी भरायला घेतली आणि सवयीने खोक्यातला कागद उघडला. जुना कागद. त्यात होतं : गरोदरपणात वापर टाळावा.

मी तुला म्हणाले होते, आठवतं? तू हसलीस. "आई, डॉक्टरीणबाईंना कागदापेक्षा जास्त कळतं." मूल हवं म्हटल्यावर त्यांनी तुझी आठवड्यातून एकदाची ती जहाल गोळी आधीच बंद केली होती, तीन महिने थांबायला लावलं होतं, आणि ही पांढरी मात्र चालूच ठेवा म्हणून बजावलं होतं. मला वाटलं, एक बंद आणि एक चालू, असं कसं? औषध ते औषध. बाई गडबडीत विसरल्या असतील. त्यांच्या दारात साठ माणसं बसलेली असतात. तुझ्या बाबांना 'खा, काही होत नाही' असं तोंडी सांगून गोळ्या देणाऱ्या दुकानदारांनी मारलं आणि कागदाने सावध केलं होतं, एवढं एकच गणित माझ्या डोक्यात होतं. एक माणूस मी न वाचता घालवला होता. दुसरं वाचूनही घालवू?

तुझ्याशी भांडून उपयोग नव्हता, तू बापाच्या वळणावर गेली आहेस. मग मी तशीच दिसणारी गोळी शोधली. तीन दुकानं फिरले. तिसऱ्या दुकानात मिळाली, अगदी तशीच, पांढरी, लांबट. दुकानदाराला म्हटलं, "एवढी नको, जरा बारीक दाखवा." तो म्हणाला, "मावशी, गोळी घेताय की बांगडी?" मीही हसले. मला काही वाटलं नाही, चिमे. मी बाळाला वाचवत होते.

आणि पहिला सव्वा महिना तू ठणठणीत होतीस. मी मनात म्हटलं, बघा. आता वाचलंय की ते औषध अंगात साठून राहतं, बंद केल्यावरही काही आठवडे काम करतं. तेव्हा मला वाटलं, मी डॉक्टरीणबाईंपेक्षा शहाणी. मग पाचव्या महिन्यात गालांवर ते लाल चट्टे उठले, गुडघे सुजले, पाय सुजले. तरी मी गोळी परत ठेवली नाही. मला वाटलं, माझ्या हाती डबी येण्याआधी ज्या गोळ्या पोटात गेल्या त्यांचंच हे विष बाहेर पडतंय. माणूस एकदा स्वतःला शहाणं समजला ना, की उलटा पुरावाही त्याला सुलटाच दिसतो.

सातव्या महिन्यात लघवीतून प्रथिनं जायला लागली, रक्तदाब चढला आणि बाळाची हालचाल थांबली. नर्सने त्याला टॉवेलात गुंडाळून माझ्याकडे दिलं होतं. तू तेव्हा शुद्धीवर नव्हतीस. त्याची नखं पूर्ण आली होती.

आणि मग मी व्हरांड्यात बोलले. खोलीचं दार उघडं होतं, तू ऐकलंस. "मी घसा फोडून सांगत होते, गोळ्या खाऊ नकोस. भोगा आता." तीन जानेवारीला मी तुला लिहिलं की दुःखात माणूस काहीबाही बोलतं. ते खोटं. मी विचार करून बोलले होते. तू गोळ्या खात नव्हतीस हे मला माहीत होतं, तरी बोलले, कारण आधीच्या गोळ्यांवर माझा पक्का संशय होता आणि कुणाच्या तरी माथी मारल्याशिवाय मला उभं राहता येत नव्हतं.

खरं कधी कळलं? गेल्या वर्षी फेब्रुवारीत. म्हणजे अकरा महिने मी हे दाबून बसले आहे, हेही लिहिते.

मला मास्तरांनी वर टेबलाशी घेतलंय, वाचणारी म्हणून. कंपनीकडून नवा मजकूर आला की एकाने तो मोठ्याने वाचायचा आणि दुसऱ्याने छापलेल्या नमुन्यावर बोट ठेवून बघायचं. टिंब, स्वल्पविरामसुद्धा वाचायचे. मास्तर घरीही बायकोला "चहा, स्वल्पविराम, साखर कमी, पूर्णविराम" म्हणतात असं सगळे चेष्टेने म्हणतात. त्या दिवशी पांढऱ्या गोळीचा मजकूर माझ्या हाती आला. मी वाचत होते : "गरोदरपण, ठळक, नवी ओळ. या काळात ही गोळी आपल्या मनाने थांबवू नये, पूर्णविराम. थांबवल्यास आजार उफाळून येऊन आई व बाळ दोघांनाही..."

मी ती ओळ डोळ्यांनी परत पहिल्यापासून वाचली.

मास्तर बोट तसंच ठेवून म्हणाले, "दोघांनाही काय? बक्षीस?"

मी वाचलं. "दोघांनाही धोका होऊ शकतो, पूर्णविराम." त्यांनी लाल पेन्सिलीने बरोबरची खूण केली. पुढची दोन पानं मी न अडखळता वाचली. सुट्टी झाल्यावर हात धुवायला गेले आणि नळ चालू ठेवून उभी राहिले.

तेव्हाच तुला लिहायला हवं होतं. लिहिलं नाही, कारण तू मला सोडलं होतंस ते एका वाक्यासाठी. वाक्य कधीतरी विसरलं जातं. हे समजलं असतं तर तू कायमची गेली असतीस. म्हणून झाकली मूठ. तू पुन्हा मूल होऊ देशील आणि माझ्या या मुठीपायी गोळी नाकारशील, हे डोक्यात आलं नाही. खोटं कशाला बोलू, आलं होतं. मी ते बाजूला सारलं.

म्हणून सांगते, मागच्या वेळी गोळीने काही केलं नाही. ती तुझ्या पोटात नव्हतीच. तू तुझ्या शरीरावर आणि डॉक्टरीणबाईंवर जो राग धरलायस तो पत्ता चुकलेला आहे. पत्ता माझा आहे.

गोळी चालू कर. माझं पुन्हा तोंड बघू नकोस, पण गोळी चालू कर.


११ फेब्रुवारी

तुझं पत्र मिळालं. डॉक्टरीणबाईंचे प्रश्न आणि खाली तुझी एक ओळ : 'आई म्हणून लिहू नकोस, उत्तरं लिही.' तशी लिहिते.

बदल नवव्या आठवड्याच्या सोमवारपासून केला. सव्विसाव्या आठवड्याच्या सोमवारी तुला दवाखान्यात नेलं, त्याच्या आदल्या दिवसापर्यंत तसाच चालू होता. म्हणजे सतरा आठवडे. त्यात चार दिवस मला ताप होता आणि डबी तू स्वतः भरली होतीस, त्या चार दिवसांत खरी गोळी गेली असणार. बारावा आठवडा होता तो. तारीख माझ्या कामावरच्या रजेच्या अर्जावर आहे, आज काढून बघितली.

फॉलिक ॲसिडची पिवळी गोळी बदलली नव्हती. कॅल्शियमचीही नाही. दुसरं कुठलं औषध, काढा, मुळी दिली का असं विचारलंय. नाही. मी फक्त काढून घेतलं, दिलं काही नाही.

जीवनसत्त्वाच्या गोळीचं रिकामं पाकीट सोबत जोडते आहे.

काढून घेतलेल्या गोळ्या टाकल्या नव्हत्या. एका बरणीत आहेत. एकशे पंधरा. काल परत मोजल्या. त्या आता जुन्या झाल्या, वापरू नयेत, नाहीतर त्याही पाठवल्या असत्या. डॉक्टरीणबाईंना बघायच्या असतील तर कळव.

विचारलेलं एवढंच होतं.


७ जून

चिमे,

तू उत्तरं लिही म्हणालीस, त्यानंतर चार महिने मी काही लिहिलं नाही. आज आपण होऊन लिहिते आहे. वाचायचं नसेल तर इथेच थांब.

जावईबापूंनी सांगितलं, अठ्ठाविसावा आठवडा लागला. मागच्या वेळचा आठवडा ओलांडलास तेव्हा तुम्ही दोघं दिवसभर नुसते एकमेकांजवळ बसून होतात म्हणे. लघवी स्वच्छ आहे, रक्तदाब जागेवर आहे, गालांवर काही नाही. गोळी तू स्वतः पाकिटातून काढतेस, बोटं दुखली तर दातांनी फाडतेस, पण दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीस. जावईबापूंनाही नाही. ते हसत सांगत होते. मला हसू आलं नाही. त्यांच्यावरचा तो अविश्वास माझ्या पदरचा आहे.

पाठ दुखते म्हणून शेजारणीने तुला कुठलीशी वेदनाशामक गोळी आणून दिली, आणि तू डॉक्टरीणबाईंना फोन केलास, त्या म्हणाल्या या महिन्यांत ती बिलकूल चालणार नाही, बाळाच्या हृदयाला नि बाळाभोवतीच्या पाण्याला त्रास होतो. बाबांच्या वेळी कुणी असा एक फोन केला असता तर!

मी मास्तरांना सगळं सांगितलं. तीन वर्षं रोज त्यांच्यासमोर बसते, कुणाला तरी सांगायला हवं होतं. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत लावला, परत काढला. मला वाटलं आता हा माणूस मला टेबलावरून उठवणार. ते म्हणाले, "बाई, चूक माझीही आहे. मी तुम्हाला वाचायला शिकवलं, कागद म्हणजे काय ते शिकवलं नाही. कागद सगळ्यांसाठी असतो. तो कुणाला बघून लिहिलेला नसतो. डॉक्टर समोर बसलेल्याला बघून बोलतो." मग म्हणाले, "आणि तो जुना कागद भित्र्या माणसाने लिहिला होता. ज्याला नीट माहीत नसतं ना, तो 'टाळावा' लिहून मोकळा होतो. पुढे कुणाचं काय टळतं, त्याला काय त्याचं?"

मी म्हटलं, "म्हणजे दोष कागदाचा?"

"छे," मास्तर म्हणाले. "कागदाने तुम्हाला डबी बदलायला सांगितली नव्हती."

खरं बोलणारं माणूस मिळालं तर हे असं. बरं वाटलं मला. तुला विचित्र वाटेल, पण वाटलं.

मी तुझ्याकडे माफी मागितलेली नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेल. माफी मागायची म्हणजे तुझ्यावर अजून एक काम टाकायचं. द्यायची की नाही, कधी द्यायची, दिली तर कसं वागायचं. तुला आधीच पुष्कळ काम आहे.

आई
(लिहू नकोस म्हणाली होतीस. हात वळला तसं लिहिलं.)


२३ ऑगस्ट

चिमे,

आज दुपारी तुझा फोन आला तेव्हा मी जे बोलले ते तुला तोडून बोलल्यासारखं वाटलं असेल. म्हणून लिहिते. समोरासमोर आणि फोनवर मला नीट सांगता येत नाही, आता या वयात सुधारणारही नाही.

बाळ पाच दिवसांचं झालं हे मला माहीत होतं. मुलगी, दोन किलो सहाशे, रडते ती सगळा मजला उठवते, हेही माहीत होतं. तुझा आवाज मात्र पावणेचार वर्षांत पहिल्यांदा ऐकला. तू 'आई' म्हटलं नाहीस, मी मोजत नव्हते. तू सरळ विचारलंस, "तुझ्याकडे तो नवा कागद आहे ना? अंगावर पाजण्याबद्दल काय लिहिलंय ते वाच." मागे कुणीतरी बाई बोलत होती, बहुधा तुझी नणंद, "अगं विषाची परीक्षा कशाला, दुधाचा डबा आण सरळ." कालपासून तू पाजलं नव्हतंस. छाती दगडासारखी झाली होती. तू रडत नव्हतीस, पण दात आवळून बोलत होतीस.

कागद माझ्याजवळच होता, चिमे. तुझा हा प्रश्न कधीतरी येईल म्हणून पिशवीत घेऊन फिरते. काढला, उघडला, तो भाग समोर आला. आणि मी तुला म्हणाले, "वाचत नाही."

"म्हणजे काय?" तू ओरडलीस.

"तो तुला बघून लिहिलेला नाही. डॉक्टरीणबाईंना फोन लाव. आत्ता."

"आज रविवार आहे!"

"रविवारी दवाखान्यात कुणीतरी असतंच. बाळ किती दिवसांचं, वजन किती, गोळी किती, सगळं सांग आणि विचार."

"तुला एक ओळ वाचता येत नाही? एक ओळ? आयुष्यभर कागद कागद करून माझं डोकं खाल्लंस आणि आता..."

आणि तू फोन ठेवलास.

तुला वाटलं असेल, म्हातारी सूड उगवतेय किंवा घाबरून हात झटकतेय. खरं सांगू का? तू मला काहीतरी विचारलंस. एवढ्या वर्षांनी तू मला विचारलंस, मी तुला सांगितलं असतं आणि तू ते मानलं असतंस, आणि आपलं पुन्हा जुळलं असतं. मला ते इतकं हवं होतं की माझं बोट त्या ओळीवर जाऊनही बसलं होतं. म्हणूनच नाही वाचलं. माझी ती भूक माझ्या ओळखीची आहे. तिच्या पोटी मी एकदा डबी भरलेली आहे.

फोन ठेवल्यावर काय करावं सुचेना. कागद घडी करून परत पिशवीत घातला. भांडी आवरली, आवरलेलीच होती, परत आवरली.

सव्वाचारला फोन वाजला. तू होतीस. म्हणालीस, "बाईच भेटल्या. म्हणाल्या, पाजा. दुधात अगदी थोडं उतरतं, बाळाला चालतं. गोळीही चुकवू नका म्हणाल्या, बाळंतपणानंतरच आजार उसळायची भीती जास्त." मी म्हटलं, "बरं." तू म्हणालीस, "त्या रागावल्या, कालच का नाही विचारलंत म्हणून." मी म्हटलं, "बरोबर आहे त्यांचं." यावर तू, "तू कुणाच्या बाजूने आहेस?" आणि मला एकदम हसू आलं आणि तूही नाकातून फुसकन हसलीस. मी ऐकलं. नाही म्हणू नकोस.

मग तू नणंदेला म्हणालीस, "ताई, जरा दार ओढून घ्या." आणि मला काही म्हणाली नाहीस. फोन चालूच राहिला. मला वाटलं ठेवायला विसरलीस. मी दोनदा हॅलो म्हणणार होते, नाही म्हटलं. उशी सरकल्याचा आवाज आला. बाळ कुरकुरलं, चिडलं, पोरीला धीर म्हणून नाही. मग ते रडणं मध्येच तुटलं आणि गिळण्याचा आवाज यायला लागला. तीन-चार घोट, मग एक श्वास, परत तीन-चार घोट. मध्ये एकदा तू "अगं हळू" म्हणालीस, ते तिला.

मी स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून उभी होते. घड्याळात बघितलं, चार पस्तीस. आपण दोघी एकमेकींशी न भांडता इतका वेळ गप्प कधी राहिलो होतो, मला तरी आठवत नाही.